आत्यानं टायर कापले

टायर काळेभोर चमकत होते, आणि तिथंच आत्याचं डोकं फिरलं.

आदल्या दिवशी तिनं ते पाहिले तेव्हा ते आपल्या वयाचे दिसत होते. राखाडी, धुळकट, आणि बाजूच्या गालांवर बारीक भेगा, दादाच्या टाचांना असतात तशा. आता शेडमध्ये येऊन बघते तर चिरंजीवांनी डबाभर पॉलिश फासून ट्रेलरच्या दोन्ही चाकांना नवरदेव करून ठेवलेलं. भेगा गडप. चिरंजीव म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा. पस्तिशी उलटली तरी घरात त्याला सगळे चिरंजीवच म्हणत, आणि तोही त्या नावाला जागत असे.

"तिकडे फोटो काढणार आहेत ना, आत्या," फडक्याला हात पुसत तो म्हणाला. "होडी नवीकोरी आणि चाकं आजोबांच्या जमान्यातली, बरं दिसतं का?"

"चाकं अजून आजोबांच्याच जमान्यातली आहेत. तू फक्त त्यांच्या तोंडाला काळं फासलंस."

चिरंजीव हसला. कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेणं हा त्या घरातल्या पुरुषांचा पिढीजात धंदा. होड्या बांधणं त्यानंतर.

होड्या मात्र ते चांगल्या बांधत, हे आत्याचा दुश्मनसुद्धा कबूल करील. खाडीच्या काठावरची ती शेड, आत लाकडाच्या भुशाचा आणि रंगाचा वास, आणि मधोमध ट्रेलरवर चढवलेली ही नवी होडी. दादानं आजवर बांधलेली सगळ्यात मोठी. घाटापलीकडच्या तलावावर माणसं या काठावरून त्या काठाला न्यायला ती हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचवायची, आणि तिकडच्या लोकांनी आग्रह केला होता की सगळ्या घरानं यावं. म्हणून जीपमध्ये दादा, वहिनी, चिरंजीव बसणार, मागं होडी, आणि गाडी चालवणार आत्या. चढ सोपा होता. उतार मात्र नतद्रष्ट: वळणावर वळण, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि खाली पोचताच रस्त्याला खेटून घरं.

गाडी आत्यानं चालवायची यात नवल काही नव्हतं. सासर तिला मानवलं नाही आणि ती सासरला, म्हणून ऐन विशीत ती माहेरी परत आली. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीनं कसं, हलक्या पावलानं वावरावं, वाढलं ते गोड मानून घ्यावं. आत्याला ते काही जमलं नाही. तिनं जीपची चावी उचलली. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलट्या अंगाला फिरवावं लागतं, भल्याभल्यांची त्यात त्रेधा उडते, आणि आत्या मान मागं वळवून बोलता बोलता तो सरळ पाण्यात सोडायची. त्या घरात तिच्या नावावर एक खुर्ची नव्हती. पण जीपची ती सीट तिची होती, आणि तिथं बसली की ती कुणाचं काही देणं लागत नसे.

"दादा," तिनं हाक मारली. "हे टायर घाटात न्यायचे नाहीत."

दादा होडीच्या कडेला रंगाचा शेवटचा हात देत होता. तो शिडीवरून उतरला, चाकाशी वाकला आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख बुडालं तर टायर चांगला, हा त्या शेडचा कायदा होता आणि कायदा करणाराही दादाच.

"हे बघ. अख्खं नख बुडतंय. ट्रेलर वर्षाकाठी चारदा बाहेर पडतो, चिमे. झिजणार कुठून?"

साठीला टेकलेल्या बाईला चिमे म्हणणारा जगात तो एकच उरला होता.

"घरात बसून राहिलं म्हणून माणूस म्हातारा व्हायचा थांबतो का?"

"माणसाची गोष्ट वेगळी."

"रबराची त्याहून वाईट. उन्हात उभा, खाऱ्या वाऱ्यात उभा, महिनोन्महिने एकाच अंगावर वजन घेऊन उभा. मी गोणपाट टाकून झाकून ठेवते, ते तुमची माणसं पाय पुसायला नेतात. खाच राहते, आणि आतला जीव निघून जातो. तारीख बघ ना याची."

टायरच्या गालावर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. पॉलिशनं तेही बुजले होते. आत्यानं फडक्यानं घासघासून ते वर काढले.

"हे टायर बनले ना, तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते."

शेडमधली माणसं फिसकन हसली. दादालाही हसू आलं, पण चार माणसांत आपल्या टकलावर हसलं गेलं की मोठ्या भावाला उत्तर द्यावंच लागतं. "चष्मा लागल्यापासून हिला जिकडेतिकडे भेगाच दिसतात," तो म्हणाला. मग सगळे दुप्पट हसले आणि आत्या एकटी पडली.

बरं, भेगा हे निम्मंच दुखणं होतं. उरलेलं निम्मं दादाच्या हातचं. वाळूवर होडी उतरवायची असली की आधी टायरची निम्मी हवा सोडायची, ही युक्ती त्याची. टायर पसरतो, वाळूत रुतत नाही, होडी अलगद पाण्यात जाते. युक्ती अस्सल होती, आत्याही ते नाकारत नसे. घोडं पेंड खायचं ते पुढं. होडी तरंगली, कौतुक झालं, चहा झाला, की ती हवा परत भरायची शुद्ध कुणाला राहायची नाही. वाटेत पंपावर भरू म्हणायचे. पंपावर रांग असायची, मग म्हणायचे, रिकामा तर आहे ट्रेलर, चल पुढं. आत्या भांडायची. कधी तिचं चालायचं, बहुतेक वेळा दादाचं. वाटेत उतरून ती टायरला पालथा हात लावायची, लेकराचा ताप बघतात तसा, आणि चटका बसायचा. बसका टायर चालताना आतल्या आत दुमडत राहतो, तापतो, आतले धागे एकेक करून सुटतात, आणि वरून बघाल तर अगदी निर्मळ. त्यात नख कितीही बुडवा.

हे सगळं तिनं दादाला पुन्हा सांगितलं. दादानं ते आधी जितक्या लक्षपूर्वक ऐकलं होतं तितक्याच लक्षपूर्वक ऐकलं, म्हणजे ब्रश धूत.

"मग मी नाही नेणार हा ट्रेलर," आत्या म्हणाली.

आणि तिला वाटलं, विषय संपला. आजवर ती नाही म्हणाली की ट्रेलर जागचा हलला नव्हता.

"नको नेऊस," दादा म्हणाला. त्याचा आवाजही चढला नव्हता. "चिरंजीव नेईल. मी शब्द दिलाय त्या लोकांना. चावी दे."

तिनं चावी दिली. घरापर्यंतच्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की नकार देऊन तिनं फक्त स्वतःला वाचवलं होतं. बाकी तिघं त्याच टायरांवर, त्याच उतारावर, आणि वर गाडी चालवणारा कोण, तर चिरंजीव, ज्यानं होडी मागं लावून कधी गल्लीचं वळणसुद्धा एका दमात घेतलं नव्हतं.

स्वयंपाकघरात वहिनी उद्यासाठीची साडी दोरीवर टाकून इस्त्री तापवत होत्या. त्यांना सगळी बातमी आधीच पोचली होती.

"जाऊ द्या ना, वन्सं. इतकी वर्षं काही झालं नाही."

"इतकी वर्षं काही झालं नाही, हीच तर अडचण आहे वहिनी. एकदा थोडंसं झालं असतं तर हा शहाणा झाला असता. तुम्ही तरी उद्या जाऊ नका."

"ते आणि पोरगं जाणार आणि मी घरी बसू?" वहिनींनी इस्त्री साडीवर टेकवली. "काहीतरीच बोलता तुम्ही."

बायकोनं आणि आईनं असंच बोलायचं असतं. तिला त्या क्षणी तिघांचाही सारखाच राग आला, आणि तिघांवर तिचा किती जीव आहे हेही तेवढंच झोंबलं. घरात आपलं म्हणावं असं याशिवाय तिला दुसरं होतं तरी काय?

सकाळी जीप ट्रेलरला जोडली गेली. दादा नव्या सदऱ्यात, वहिनी त्या साडीत, चिरंजीव आत्याच्या सीटवर बसून आरसे आपल्या उंचीचे करून घेत होता. दोघं शेजारी होडी बघायला आलेले. आत्या घरातून निघाली ती थेट डाव्या चाकाशी जाऊन बसली आणि व्हॉल्व्हची पिन काढून टाकली. फस्स करून हवा सुटली.

"आत्या! काय करतेस?" चिरंजीव खाली उतरला.

आत्या उत्तर न देता उजव्या चाकाकडे गेली, मग स्टेपनीकडे. तिन्ही टायर सुस्कारे टाकत बसले. चिरंजीव काही वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त खांदे उडवले. "काढू दे हवा. शेडमध्ये पंप आहे, आत्ता भरू की. दहा मिनिटांचं काम. पिनांचा डबा कुठं आहे रे?"

सगळ्यांना पुन्हा हसू आलं. आत्याचा राग म्हणजे टायरातली हवा, सोडली की संपली, असं कुणीतरी म्हणालंही. आत्यानं ते ऐकलं आणि ती शेडमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाकूड तासायची पटाशी होती आणि ती ठोकायची मोगरी.

फुगलेल्या टायरला हत्यार लावायचं नसतं, जिवावर बेततं; म्हणून तर तिनं आधी हवा सोडली होती. पटाशीची धार टायरच्या गालावर टेकवून तिनं मोगरीचा घाव घातला. दुसरा घातला. रबर सहजासहजी ऐकेना. तिसऱ्या घावाला पटाशी आत गेली, आणि मग ती मनगट फिरवत, दात ओठ खात गाल चिरत गेली, हातभर. कुणी हसलं नाही. कुणी तिला धरलंही नाही, कारण धारदार हत्यार घेतलेल्या बाईला धरायचं कुठं हे कुणाला कळेना.

दुसरा टायर झाला. ती स्टेपनीकडे वळली.

"तिला तरी सोड!" दादा ओरडला.

"का? दोघांना कापून हिला ठेवली तर हिला वाईट नाही वाटणार?"

तिसरा टायर चिरून झाला आणि आत्या उभी राहिली. गुडघे मातीनं भरलेले, केस सुटलेले, हातातून रक्त येत होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं. दादा तिच्यासमोर येऊन थांबला. त्याचा चेहरा असा झाला होता की वहिनी पुढं सरसावल्या.

"चार माणसांत माझी अब्रू काढलीस."

"काढली. दरीतून घरातली माणसं काढायला लागू नयेत म्हणून."

"आजपासून या जीपच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कधीच नाही. कळलं?"

हे येणार हे तिला ठाऊक होतं. रात्री अंथरुणात तिनं ते वाक्य दादाच्या आवाजात म्हणून पाहिलं होतं. तरी ते कानावर पडलं तेव्हा रडू येऊ नये म्हणून ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलली.

"नाही लावणार. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. तलावाकडच्या लोकांना निरोप गेला की उशीर होईल, चाकाचं काम निघालंय. त्यांनी नेमकं काय काम निघालंय असं विचारलं, तेव्हा चिरंजीवांनी, न हसता, "घरगुती" असं सांगितलं.

दादानं तिच्याशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तरी तो भिंतीकडे बघून मागायचा. आत्याही काही गप्प राहून झिजणाऱ्यातली नव्हती. ती भिंतीलाच उत्तर द्यायची. पण टायर तर आणायला हवे होते, आणि चिरंजीव तिच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"तू चल दुकानात."

"मला कशाला नेतोस? अब्रू जाईल."

"मी चुकीचे आणले तर तू तेही कापशील. त्यापेक्षा आधीच चल."

दुकानदारानं टायरचं माप बघून जीपला लागतात तसलेच टायर पुढं केले. चिरंजीव म्हणाला, गोल आहे, काळा आहे, माप तेच आहे, मग बिघडलं कुठं? आत्यानं टायरच्या गालावर अंगठा दाबून दाखवला. "हे गाल नरम आहेत. आत बसलेल्या माणसाला हादरे लागू नयेत म्हणून. होडीला कंबर नाही दुखायला. वळणावर एवढं धूड एका अंगाला झुकतं, तेव्हा ताठ गाल लागतात. ट्रेलरचे म्हणून वेगळे येतात, ते काढा." मग तिनं वजनाचं विचारलं. होडी, इंजिन, भरलेली टाकी, ट्रेलर स्वतः, आणि चिरंजीव जाता जाता आत फेकतो ते नांगर, दोर, डबे, सगळं धरून एका चाकावर जेवढं येतं त्याहून चांगलं चढ वजन पेलणारा हवा, काठावर पास होणारा नको. दुकानदारानं आतून एक काढला. कागद चिकटलेला, रबराचा वास येणारा, नवाच. आत्यानं चष्मा पुसला आणि चार आकडे वाचले.

"हा तुमच्या गोदामात कधीपासून झोपलाय?"

"बाई, एकदाही वापरलेला नाही."

"आमचेही फारसे वापरलेले नव्हते," चिरंजीव तोंडातल्या तोंडात म्हणाला. आणि आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो लाजून रस्त्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दुकानात मनासारखे तीन मिळाले.

निघायच्या सकाळी, चाकं थंड असताना, आत्यानं मोजयंत्र लावून गालावर लिहिलेली हवा पुरी भरली, नट आवळले, थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवायला लावून पुन्हा आवळले. थंड टायरलाच हवा मोजायची असते. तापल्यावर ती फुगवून सांगते, गावातल्या पुढाऱ्यासारखी. दादा समोर बसून काचेतून पुढं बघत राहिला. चिरंजीव चालवत होता. आत्या मागं, वहिनींच्या शेजारी, आणि आपल्या पायांना दाबायला ब्रेक नाही, क्लच नाही, याचा तिला सारखा त्रास होत होता.

चढ झाला. उतार सुरू झाला. चिरंजीवांनी, कुणी न सांगता, गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. एका वळणावर होडीनं मागून असा रेटा दिला की जीप पुढं ढकलली गेली आणि वहिनींनी आत्याचा हात घट्ट पकडला. चाकं रस्ता धरून राहिली. पुढचं वळण आलं, त्यापुढचं आलं, दरी संपली, घरं लागली, अंगणात खेळणारी पोरं रस्त्याकडे धावत आली आणि होडी बघून ओरडायला लागली. काहीही झालं नाही.

खाली चहाची टपरी होती. सगळे उतरले. आत्यानं दोन्ही टायरना पालथा हात लावून पाहिला. कोमट होते, असायला हवेत तेवढेच. ती उठली तर मागं दादा उभा, दोन पेले घेऊन. एक त्यानं तिच्यापुढं धरला.

"चिमे."

त्या दिवसानंतरचा पहिला शब्द. आत्यानं पेला घेतला.

"ते जुने. ते फुटलेच असते का गं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?" दादाचा आवाज पुन्हा चढला. "एवढं रामायण केलंस, आणि माहीत नाही? कदाचित आरामात उतरले असते."

"असतेही."

"मग?"

"कळायचा रस्ता एकच होता, दादा. तुम्ही तिघांनी त्यांच्यावर बसून हा घाट उतरायचा. तसं मला कळायला नको होतं. म्हणून कापले."

पलीकडे वहिनी त्या पोरांना होडीला हात लावू देत होत्या आणि चिरंजीव त्यांना, आपणच ती बांधली अशा थाटात, काहीबाही सांगत होता. दादा त्या दोघांकडे बघत राहिला.

"स्टिअरिंग परत मिळणार नाही तुला," अखेर तो म्हणाला. "चार माणसांत बोलून बसलोय."

"मी मागितलंय?"

तिला ते हवं होतं. त्या सीटवर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि एक शब्द जरी नरम बोलली असती तरी भाऊ विरघळला असता, हे तिला दिसत होतं. ती तो शब्द बोलली नाही. चूक केली असती तर बोलली असती.

"आणि नीट ऐकून ठेव," ती म्हणाली. "पुन्हा असले टायर चढवलेस, तर पुन्हा कापीन. मला घरातून काढलंस तरी येऊन कापीन."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. त्यानं तिच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि टपरीकडे गेला.